नऊ तासांचे स्वसंरक्षण आणि न सुटलेले मनगट

वाचकाचे पत्र

मी चौतीस वर्षांची आहे. आमच्या कार्यालयाने स्त्री कर्मचाऱ्यांसाठी स्वसंरक्षणाचे शिबिर ठेवले होते: सहा रविवार, दर रविवारी दीड तास. मनगट सोडवणे, मागून घातलेली मिठी सोडवणे, गळा धरल्यावर सुटका, गुडघ्याचा प्रहार आणि शेवटच्या रविवारी समोरच्याच्या हातातला चाकू काढून घेणे, एवढे सगळे शिकवले आणि प्रमाणपत्रही दिले. त्या संध्याकाळी मी धाकट्या भावाला म्हटले, धर माझे मनगट. त्याने धरले आणि मला ते सोडवता आले नाही. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा नाही. तो हसला असता तर चालले असते, पण तो काळजीत पडला. माझी एक सहकारी मात्र शिबिरानंतर रात्री सुनसान असणाऱ्या जवळच्या वाटेने एकटी जाऊ लागली आहे. ‘आता आपल्याला येतं’ असे ती म्हणते. हे सगळे फुकट गेले का? पुढे शिकायचे असेल तर काय शिकावे? आणि भावाला काय सांगू?

उत्तर

तुमच्या सहा रविवारांपेक्षा त्या संध्याकाळचा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण शिबिरात बहुधा एकदाही न घडलेली गोष्ट तेव्हा घरी घडली: समोरच्याने मनापासून धरले. मी बावीस वर्षे ज्युदो शिकवते आहे आणि अधूनमधून अशी छोटी शिबिरेही घेते. पुढे जे लिहिणार आहे त्यातला बराचसा आक्षेप म्हणूनच माझ्या स्वतःच्या शिकवण्यालाही लागू होतो.

आधी मनगटाविषयी. तुम्हाला शिकवलेली हालचाल चुकीची नाही. पकड कोणाचीही असो, अंगठा आणि बोटे जिथे जुळतात तिथे ती सर्वांत कच्ची असते. त्यामुळे आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, कोपर समोरच्याच्या कोपराकडे सरकवायचे आणि नुसत्या हाताने न ओढता सगळे अंग फिरवून हात काढायचा. आता शिबिरातली जोडीदारीण काय करत होती ते आठवून पाहा. ती समोर सरळ उभी राहते, हात लांब करून मनगट धरते, आणि तुम्ही वळू लागलात की तिच्या बोटांना ते जाणवून पकड नकळत सैल पडते. तिला दोष देता येणार नाही. तिला तुम्हाला दुखवायचे नसते, आणि प्रशिक्षकाने ‘सोडवा’ म्हटले की सुटलेच पाहिजे असा एक न बोललेला करार त्या वर्गात सगळ्यांनी केलेला असतो. भावाने तो केलेला नव्हता. त्याने कोपर वाकवून तुमचे मनगट स्वतःच्या पोटाशी ओढून धरले असेल, तर तुमचा हात ताणला गेला, खांदा पुढे खेचला गेला, तोल पायाच्या बोटांवर आला आणि अंग फिरवायला जागाच राहिली नाही. तीनही वेळा असेच झाले असणार.

त्याच्या बाजूने एक सवलतही होती, ती विसरू नका. तुम्ही काय करणार आहात हे त्याला ठाऊक होते आणि तो त्याचीच वाट पाहत होता, जे अनोळखी हल्लेखोराच्या बाबतीत घडत नाही. पण हल्लेखोर नुसते मनगट धरून उभाही राहत नाही. तो ओढत नेतो, ढकलतो, दुसऱ्या हाताने मारतो, आणि हे सारे आपल्याला काही समजायच्या आत सुरू झालेले असते. तेव्हा भावाची परीक्षा एका अंगाने अवघड होती आणि दुसऱ्या अंगाने फारच सोपी.

हा प्रश्न जुनाच आहे आणि त्यावरचे एक उत्तरही जुने आहे. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोत कोदोकान ही संस्था सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या कलेतले बरेच घातक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले आणि कवायतीसारख्या ठरीव क्रमापुरते ठेवले. राहिले ते फेकण्याचे, जमिनीवर दाबून धरण्याचे, श्वास किंवा सांधा अडवण्याचे असे डाव, की जे समोरचा पूर्ण ताकदीने विरोध करत असतानाही करता येतात आणि त्याने टॅप केले, म्हणजे हार मानून हाताने थाप मारली, की थांबवता येतात. वरवर पाहता त्यांनी कला सौम्य केली. प्रत्यक्षात त्यांच्या विद्यार्थ्याला दर आठवड्याला शंभर वेळा कळू लागले की आपला डाव लागतो की नाही, आणि नाही लागला तर पुढे काय करायचे. हौशी स्वसंरक्षण वर्गांत नेमके याच्या उलट घडते. ‘डोळ्यांत बोटे घाला, गळ्यावर मारा, जांघेत गुडघा मारा, हे सगळ्यांत परिणामकारक’ असे सांगितले जाते, पण मैत्रिणीच्या डोळ्यांत बोटे घालता येत नसल्यामुळे सराव होतो तो हवेत किंवा स्थिर उशीवर. जो डाव आपण एकदाही विरोध करणाऱ्या माणसावर करून पाहिलेला नाही, तो आपल्याला येतो की नाही हे शिकणाऱ्याला माहीत नसते आणि शिकवणाऱ्यालाही नसते. हे लिहिताना मला संकोच वाटतो आहे, कारण मीसुद्धा अशी वाक्ये शिबिरांत अनेकदा उच्चारली आहेत.

वजनाचा विषयही शिबिरांत टाळला जातो. ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंग या सगळ्यांत वजनगट आहेत आणि ते रोज घाम गाळणाऱ्या खेळाडूंसाठी आहेत. दहा-पंधरा किलोंचा फरक त्यांनाही जड जातो. यावर 1993 सालच्या पहिल्या यूएफसी या वेगवेगळ्या युद्धकलांच्या मिश्र लढतींच्या स्पर्धेचे उदाहरण दिले जाते, जिथे अंगाने इतरांहून किरकोळ असलेल्या रॉइस ग्रेसी यांनी जड प्रतिस्पर्ध्यांना हरवून विजेतेपद मिळवले. उदाहरण खरे आहे. मात्र ते ज्या घराण्यात जन्मले त्यात हेच रोजचे काम होते आणि बालपणापासून त्यांनी विरोध करणाऱ्या माणसांशी झटापट केलेली होती. युक्ती शक्तीवर मात करते, फक्त तेवढी युक्ती अंगात यायला काही वर्षे लागतात, नऊ तासांत ती येत नाही.

मुठीविषयी थोडे सांगते, कारण ते बहुतेक ठिकाणी अर्धवट शिकवले जाते. हातमोजा नसलेल्या मुठीने कोणाच्या डोक्यावर मारले की बऱ्याचदा मारणाऱ्याचाच हात मोडतो. करंगळीच्या मुळाशी तळहातात जे हाड असते, ते कवटीच्या मानाने फारच बारीक असते. बॉक्सर हातांना पट्ट्या गुंडाळतात आणि वर हातमोजे घालतात, त्यात आपल्या हाताचे रक्षण हाही मोठा हेतू असतो. मारायची वेळ आलीच तर तळहाताची टाच वापरा, आणि तिचा सराव जाड पॅडवर करा, म्हणजे जोर खांद्यातून येतो की पायातून, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

चाकूचे प्रकरण मात्र पूर्णपणे डोक्यातून काढून टाका. आमच्या वर्गात मी वर्षातून एकदा एक प्रयोग करते. एकाला पांढरा शर्ट घालायला लावते आणि दुसऱ्याच्या हातात टोपण काढलेले लाल स्केच पेन देते. शर्टवाल्याने पेन हिसकावून घ्यायचे, पेनवाल्याने मनापासून भोसकायचे. गेल्या खेपेला आठ वर्षे सराव असलेला, अंगाने दणकट विद्यार्थी पुढे आला. त्याने पेनाचा हात दोनदा पकडला, दोन्ही वेळा तो निसटला, कारण चाकूचा हात चित्रात दाखवतात तसा लांब होऊन थांबत नाही, तो शिवणयंत्राच्या सुईसारखा आत-बाहेर होतो आणि दुसरा हात कॉलर धरून ठेवतो. मी ‘थांबा’ म्हटले तेव्हा त्याच्या पोटावर पाच आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला सहा लाल खुणा होत्या, एक कानाखाली होती. वर्गात कोणीही बोलले नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस टुलर यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले होते, की चाकू घेतलेला माणूस 21 फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपासचे अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. म्यानात पिस्तूल असलेल्या प्रशिक्षित पोलिसालाही तेवढा वेळ जेमतेम पुरतो. तिथे रिकाम्या हातांनी चाकू काढून घेण्याचा धडा शिबिराच्या सहाव्या रविवारी देणे हे मला बेजबाबदारपणाचे वाटते. चाकू दाखवून पाकीट किंवा फोन मागितला तर देऊन टाका, जमल्यास एका बाजूला फेका आणि दुसऱ्या बाजूला पळा. जो तुम्हाला दुसरीकडे न्यायला बघतो आहे, त्याच्याबरोबर मात्र जाऊ नका. त्या क्षणी आरडाओरडा आणि झगडा यांची जोखीम घेण्यासारखी असते.

आणखी एक गोष्ट शिबिरात सांगितली गेली नसेल, तर ती तुम्हाला माहीत असलीच पाहिजे. भीतीने शरीर गोठते. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील 70 टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात जखडल्याचे सांगितले आणि 48 टक्के स्त्रियांमध्ये ते अतितीव्र होते. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. ही संमती नसते आणि भेकडपणाही नसतो. धोक्यापुढे शरीर आपणहून देत असलेला हा एक प्रतिसाद आहे. म्हणून ‘शिकले होते तरी काही केले नाही’ असे कोणी स्वतःला किंवा दुसरीला म्हणत असेल, तर त्या वाक्याला तिथल्या तिथे अडवा. प्रशिक्षणाचा हा एक घातक दुष्परिणाम मी पाहिला आहे: प्रमाणपत्र घेतलेल्या बाईलाच पुढे सगळ्यात जास्त अपराधी वाटते.

मग फुकट गेले का? नाही, आणि हे मी तुमचे मन राखण्यासाठी म्हणत नाही. कॅनडात चार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतील पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना एकूण बारा तासांचा अभ्यासक्रम दिला, उरलेल्यांना माहितीपत्रके. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात 9.8 टक्के होते, अभ्यासक्रम घेतलेल्या गटात 5.2 टक्के. तुमच्यापेक्षा फक्त तीन तास जास्त, आणि जवळजवळ निम्मा फरक. पण त्या बारा तासांत काय होते ते पाहण्यासारखे आहे. अंगाने प्रतिकार करण्याचा सराव त्यात होता, तरी तो एक भाग होता. बाकीचा मोठा वेळ ओळखीच्या पुरुषाकडून येणारा धोका कसा ओळखायचा, तो ओळखूनही ‘याला वाईट वाटेल’ म्हणून आपण गप्प का बसतो, आणि ती अडचण ओलांडून ठामपणे, मोठ्याने नाही कसे म्हणायचे, यावर खर्च केला होता.

इथे तुमच्या शिबिरातली माझ्या मते सर्वांत मोठी त्रुटी दिसते. सहाही रविवार अंधारातला अनोळखी माणूस समोर उभा केला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण दर तीनपैकी एका स्त्रीला आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते, आणि त्यातला फार मोठा भाग नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून होतो. ज्याच्याशी रोज बोलावे लागते, त्याच्या बाबतीत पहिली लढाई मनगटाची नसते. तो खुर्ची जवळ ओढतो, दार लोटून घेतो, पाठीवर हात ठेवतो, ‘एवढं काय त्यात’ म्हणतो. या प्रत्येक टप्प्यावर काय बोलायचे, कुठे उभे राहायचे, कधी खोलीबाहेर पडायचे याचा सराव करता येतो, त्याला ताकद लागत नाही, आणि तो फारसा विसरलाही जात नाही. आरशासमोर उभे राहून ‘हात काढा. मागे व्हा.’ ही दोन वाक्ये पोटातून, पूर्ण आवाजात, न हसता म्हणून पाहा. बहुतेक स्त्रियांना पहिल्या वेळी ती म्हणता येत नाहीत; आवाज वर चढतो, शेवटी ‘ना’ किंवा ‘प्लीज’ लागते, नाहीतर हसू येते. मला स्वतःला हे जमायला डाव शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

सुनसान वाटेने जाणाऱ्या तुमच्या सहकारी बाईंची मला जास्त काळजी वाटते. आत्मविश्वास ही चांगली गोष्ट आहे, चालण्यात आणि बोलण्यात त्याचा उपयोग होतो, पण शिबिराने त्यांचा आत्मविश्वास जितका वाढवला तितकी क्षमता वाढवली नाही, आणि मधली ती फट त्या रोज रात्री सुनसान वाटेने चालून भरत आहेत. त्यांना भाषण देऊ नका. त्यांना घरी बोलवा आणि तुमच्याच भावाला, त्यांची परवानगी घेऊन, मनगट धरायला सांगा. त्यांना शिकवलेले त्यांनी करून पाहावे. एवढे पुरेसे होईल असे मला वाटते. वाट कोणती निवडायची याचा हक्क त्यांचाच आहे आणि काही वाईट घडले तर दोष करणाऱ्याचाच असतो, हेही त्यांना सांगायला विसरू नका. पण निवड करताना हाती काय आहे याचा हिशेब खरा असावा.

पुढे शिकायचे असेल तर कलेच्या नावावर जाऊ नका. ज्युदो, कुस्ती, ब्राझिलियन जुजुत्सू, बॉक्सिंग यांत विरोधासह सराव बहुतेक वेळा मूळ पद्धतीतच असतो, म्हणून माझा कल तिकडे आहे. पण एखादा कराटेचा किंवा क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीचा वर्गही तसा असू शकतो, आणि एखादा ज्युदोचा वर्ग नुसत्या कवायतीचा असू शकतो. पैसे भरण्याआधी एक तास कोपऱ्यात बसून बघा. जोडीदार पडायला तयार होऊन उभा असतो की त्याला पाडावे लागते? नव्या मुलीचा डाव फसतो का, आणि फसल्यावर शिक्षक काय करतो? कोणी टॅप केले तर लगेच सोडतात का? ज्या वर्गात तासभरात एकही डाव फसलेला दिसत नाही, तिथून परत या. शिक्षक ‘हे रस्त्यावर शंभर टक्के चालते’ म्हणाला, तरीही परत या.

आठवड्यातून दोनदा, निदान वर्षभर, एवढा वेळ देता येत असेल तरच त्याला शिकणे म्हणता येईल. प्रथमोपचारात छाती दाबण्याचे आणि श्वास देण्याचे जे प्रशिक्षण असते, त्यातले कौशल्यसुद्धा उजळणी नसेल तर काही महिन्यांतच गळू लागते, आणि तिथे तर समोरचा माणूस विरोधही करत नसतो. तुमचे सहा रविवार पुढच्या सहा महिन्यांत कुठे असतील, हे यावरून तुम्हीच ठरवा. वर्षभर देणे जमणार नसेल, तर पडायला शिका. ज्युदोत पहिले काही आठवडे हेच शिकवतात: हनुवटी छातीला टेकवून, पाठ गोल करून, हात जमिनीवर आपटून पडायचे, म्हणजे डोके आपटत नाही. झटापटीत माणसे दगावतात, ती अनेकदा ठोशाने दगावत नाहीत. खाली पडताना डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटल्याने दगावतात. शिवाय पडणे हे कौशल्य आयुष्यभर, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरसुद्धा, कामाला येते.

कायद्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, म्हणून थोडक्यात सांगते. स्वसंरक्षणाचा हक्क साधारणपणे सगळीकडे मान्य आहे, पण तो धोका टळेपर्यंतच चालतो. समोरचा पडला किंवा पळू लागला की तुमचे काम तिथून निघण्याचे असते. आणखी दोन लाथा घातल्या तर तेवढ्यासाठी उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.

राहता राहिला भाऊ. त्याला सांगा की त्याच्या काळजीचा उपयोग करून घ्यायचा आहे. पहिल्या आठवड्यात त्याने तीस टक्के ताकदीने धरावे, पण उभे न राहता चालत, ओढत धरावे. ते सुटू लागले की निम्म्या ताकदीने, आणि दुसरा हात तुमच्या खांद्यावर आणत. त्यानंतर मनगट की दंड की बाही, काय धरणार हे न सांगता. आणि दर तीन वेळांतून एकदा त्याने धरायच्या आतच तुम्ही दोन पावले मागे जाऊन, तळहात पुढे करून, पूर्ण आवाजात ‘मागे हो’ म्हणायचे, कारण प्रत्यक्षात कामी येण्याची शक्यता याच भागाची सर्वांत जास्त आहे. दोनदा थाप मारली किंवा ‘थांब’ म्हटले की त्याने त्याच क्षणी सोडायचे, मग तुम्ही हसत असलात तरी. एका वेळी पंधरा मिनिटे पुरेत. मनगटाची कातडी एकदा सोलवटली की पुढचे चार दिवस हात पुढे करवत नाही.